काजू युनिटचं कर्ज आणि सामायिक सातबारा

बी.कॉम. झाल्यावर माझ्या वर्गातली बहुतेक मुलं मुंबईला नाहीतर गोव्यात कामाला गेली. वेंगुर्ला तालुक्यात आमची काजूची बाग आहे. बी दरवर्षी गोणीने व्यापाऱ्याकडे जायची. मला गावातच राहून काहीतरी करायचं होतं, म्हणून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात काजू प्रक्रियेसाठी अर्ज केला. ही योजना 2019 पासूनची. ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळतं, स्वतःचे 5 टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज.

ऑनलाइन अर्ज, प्रकल्प अहवाल, बॉयलर-कटर-ड्रायरची कोटेशनं, सगळं वेळेत झालं. जिल्हा उद्योग केंद्राकडून फाईल बँकेत गेली आणि तिथेच अडकली. शेडच्या जागेचा सातबारा सामायिक. आजोबांच्या भावांच्या वारसांपासून आत्यांपर्यंत सगळ्यांची नावं त्यावर, आणि निम्मी माणसं डोंबिवली-नालासोपाऱ्यात. प्रत्येकाचं संमतीपत्र आणल्याशिवाय मॅनेजर पुढे सरकेनात.

मग चतुर्थीपर्यंत थांबले. सगळे चाकरमानी आले तेव्हा गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटवीखालीच कागद मांडले. मोठ्या आत्याने चष्मा पुसून अख्खा मजकूर वाचला. "ह्येच्यात बाग जावची नाय मां?" एवढंच विचारलं आणि सही केली. एक काका दोन दिवस रुसून होते. शेवटी म्हणाले, "गावात कोणतरी रवता, मगे सही कित्याक करूची नाय?"

मला सरकारला कळकळीने सांगायचंय की अनुदानाइतकीच इथे जमिनीच्या वाटपाची गरज आहे. सहहिस्सेदार राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, पण गावात हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात आणि गणपतीत माणसं घरी असतात, तेव्हाच गावोगाव शिबिरं लावा. किती पोरांचे अर्ज मार्गी लागतील!

अर्ज करणार असाल तर एक नक्की करा. अनुदान लगेच हातात येत नाही. बँक ते तीन वर्षं वेगळं ठेवते, युनिट चालू असल्याची तपासणी होते, मग ते कर्जात वळतं होतं. काजू बी मात्र मार्च ते मे एवढ्यातच घ्यावी लागते. त्यामुळे मशिनरीच्या कर्जासोबत खेळतं भांडवलही अहवालात धरा. मी ते धरलं होतं, म्हणून पावसाळ्यातही वाडीतल्या बायकांना सोलणीचं काम देता आलं.