कॉम्प्युटर बंद करू नका

अण्णांच्या लग्नपत्रिकेच्या दुकानातला कॉम्प्युटर मे महिन्यात एके दिवशी 2009 सालात जाऊन बसला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख 1 जानेवारी 2009, वेळ रात्री बारा वाजून चार मिनिटं. बाहेर सोलापुरातल्या मधल्या मारुतीजवळच्या बोळात 44 अंशांचं ऊन रटरटत होतं आणि आत अण्णांच्या मशीनवर थंडीतली मध्यरात्र. अण्णांना त्याचं काहीच नव्हतं. "त्याची तारीख कुठं पत्रिकेत छापायची हाय? मुहूर्त गिऱ्हाईक सांगतंय की."

त्यांची तक्रार वेगळी होती. मेल उघडत नव्हता. कुठलीही साइट लावली की ही जागा भरवशाची नाही, असा लाल फलक यायचा. घरात "कॉम्प्युटरमधलं कळणारा" म्हणून माझी ख्याती आहे. तिला आधार एवढाच की मी बटण दाबण्याआधी समोर लिहिलेलं वाचतो. म्हणून मला फोन.

कारण क्षुल्लक निघालं. सीपीयूच्या पोटात रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर 2032. नावातच त्याचं माप आहे : 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं एवढंच त्याचं काम. तो मेला की मशीन रोज सकाळी नव्यानं जन्म घेतं. आता गंमत बघा, साइटचं ओळखपत्र असतं या वर्षीचं, आणि मशीनच्या मते चालू आहे 2009. म्हणजे हे ओळखपत्र अजून लागूच झालेलं नाही, सबब साइट लबाड. त्याच्या जागी ते बरोबरच होतं. त्याहून मोठी गंमत म्हणजे या मशीनवर विंडोज 7 आहे, आणि विंडोज 7 बाजारात आलं 22 ऑक्टोबर 2009 ला. अण्णांचा कॉम्प्युटर स्वतःच्या बारशाच्या दहा महिने आधीपासून लग्नपत्रिका जुळवत बसला होता.

सेल बदलला, तारीख लावली, मेल उघडला. तिथंच उठून घरी जायला हवं होतं. पण हात शिवशिवले आणि मी अपडेटची खिडकी उघडली. 'शेवटचे अपडेट : कधीही नाही.'

हे कुणाचं काम ते सांगायला नको. आपल्याकडे विंडोज मारून देणाऱ्यांचा एक जुना पंथ आहे. त्याचं पहिलं सूत्र, अपडेट बंद ठेवा, मशीन स्लो होतंय. अण्णांनी ते गुरुवाक्य मानलं. त्यांचंही चूक नाही. त्यांच्या सीपीयूला मागून एक लॉक लावलेलं आहे, बोटाच्या पेराएवढं. ते असलं तरच त्यांचं छपाईचं सॉफ्टवेअर उघडतं, आणि ते नव्या मशीनवर चालत नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी, कन्नड आणि तेलुगू अशी तिन्ही लिप्यांची अक्षरं आहेत. सोलापुरात पत्रिकेचं दुकान चालवायचं तर एका लिपीवर भागत नाही. मुलीकडचे कन्नड, मुलाकडचे मराठी, आणि पूर्व भागातलं गिऱ्हाईक आलं तर सगळं तेलुगूत. शिवाय पंधरा वर्षांचं मॅटर. ते जुन्या फॉन्टमधलं असल्यानं दुसऱ्या कॉम्प्युटरवर 'चि. सौ. कां.' उघडायला जावं तर कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांचा नुसता काला दिसतो. तेव्हा नवीन का घेत नाही, हा प्रश्न अण्णांना विचारायचा नसतो. त्यांच्या लेकानं तो दरवर्षी दिवाळीत विचारून झालेला आहे.

विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्ट कंपनीनं फुकटची अपडेट्स 14 जानेवारी 2020 पर्यंत दिली. आमच्याकडे तो सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा. सगळं गाव नंदीध्वजांमागे असताना तिकडे हे खातं बंद झालं. पैसे मोजणाऱ्या संस्थांना आणखी तीन वर्षं मिळाली. पण तोवर निघालेली अपडेट्स अजून ठेवलेली आहेत, आणून लावता येतात. मी म्हटलं, लावू या.

"किती वेळ लागंल?"

"तासभर, अण्णा."

हे वाक्य बोलणाऱ्या माणसाला तिथल्या तिथं थांबवण्याची काहीतरी सोय हवी.

पहिला अडथळा शिक्क्याचा. प्रत्येक अपडेटवर कंपनीची सही असते आणि ती पटल्याशिवाय मशीन त्याला आत घेत नाही. 2019 साली ती सही करण्याची पद्धत बदलली, कारण जुनीची नक्कल करणं शक्य झालं होतं. अण्णांचं मशीन त्याआधीपासून दार लावून बसलेलं, त्याला नवा शिक्का ठाऊकच नाही. मग आधी एक मोठा जुना संच लावायचा, त्यानंतर नव्या शिक्क्याची ओळख करून देणारी दोन पत्रं आत धाडायची. ही पत्रं जुन्या शिक्क्यानं येतात, नाहीतर ती तरी कशी घेणार? स्थळ सांगून येतं तेव्हा आधी दोन्ही घरांच्या ओळखीचा एक माणूस लागतो, तशातलाच प्रकार. क्रम चुकला की एक लांबलचक आकडा दाखवून मशीन गप्प. माझा क्रम दोनदा चुकला.

तिसऱ्यांदा गाडी रुळावर आली. निळ्या पडद्यावर गोल फिरू लागलं. अपडेट्स कॉन्फिगर होत आहेत, 32 टक्के पूर्ण, कॉम्प्युटर बंद करू नका. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. 32 वरून 33 व्हायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात काकूंचा चहा आला, पिऊन झाला आणि कप विसळून झाले. 35 ला लाइट गेली.

यूपीएसनं एक किंकाळी मारली आणि तोही गेला. त्याच्या बॅटरीचं वय मी विचारलं नाही, उगाच कशाला. तासाभरानं लाइट आल्यावर मशीननं जाहीर केलं की बदल मागे घेत आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. म्हणजे पुढे जातानाही बंद करायचा नाही आणि मागे येतानाही नाही. "मी केलंय का बंद?" अण्णा पडद्यालाच म्हणाले.

काकूंना या सगळ्यात नवल वाटत नव्हतं. ही अपडेट्स कधी येतात, असं त्यांनी विचारलं होतं. मी सांगितलं, 2003 पासून रिवाज आहे, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. तिकडे अमेरिकेत सकाळ असते, आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. "मग आपल्या पाण्यासारखंच की," काकू म्हणाल्या. आमच्या भागात पाणी चार दिवसांआड येतं आणि अवेळी येतं. भरून ठेवणारे भरून ठेवतात, झोपणारे पुढच्या पाळीपर्यंत बोंबलतात. फरक इतकाच की नळाला पाणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी कळतं. अपडेट घेतलं नाही तर काहीच कळत नाही. 14 मार्च 2017 ला विंडोजमधलं एक मोठं भोक, म्हणजे चोराला आत शिरता येईल अशी चूक, बुजवणारं अपडेट निघालं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांना 12 मेपर्यंत काही फरक पडला नाही. त्या दिवशी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम आला, इंग्लंडातल्या इस्पितळांपासून अनेक देशांतली मशीनं फायलींना कुलूप घालून खंडणी मागू लागली, आणि त्यातली बहुतेक आपली विंडोज 7 वालीच होती. त्याच्या तीन वर्षं आधीच वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा कंपनीला दुसऱ्या दिवशी अपडेट सर्वांसाठी खुलं करावं लागलं.

दुरुस्तीच्या अशा तुकड्याला पॅच म्हणतात, आणि अण्णांना तो शब्द आवडला. ते लहानपणी पूर्व भागात मागाच्या कारखान्यात जात. जकार्डच्या चादरीची नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून ठरते. भोक असेल तिथं एक दोरा उचलला जातो, नसेल तिथं नाही. चुकीचं भोक पडलं की त्यावर कागद डकवायचा, नाहीतर चादरीतल्या मोराला दोन चोची. सुरुवातीच्या कॉम्प्युटरांचे प्रोग्रॅमही अशाच भोकं पाडलेल्या कार्डांवर आणि कागदी पट्ट्यांवर असत, आणि चूक अशीच कागद चिकटवून किंवा तुकडा जोडून सुधारत. पॅच शब्द तिथला. "म्हंजे ठिगळ," अण्णा म्हणाले. हो, ठिगळच.

"मग 2020 नंतर भोकं पडायची थांबली का?"

याला उत्तर द्यायला जड गेलं. भोकं पडायची थांबत नाहीत, कारण ती नव्यानं पडतच नाहीत, पहिल्यापासून असतात. थांबते ती कंपनीची कबुली. उलट नव्या विंडोजसाठी ठिगळ निघतं तेव्हा चोर ते उसवून बघतो, भोक कुठं होतं ते त्याला कळतं. नव्यातला बराचसा कोड जुन्यातूनच आलेला, त्यामुळे तेच भोक जुन्यात उघडं असण्याचा संभव मोठा. शेजाऱ्यानं कडी बदलावी आणि जुनी कशी उघडायची त्याचा कागद दारावर लावून जावा. आपल्या दाराला तीच कडी.

"मग कशाला करूलालास बे एवढं?"

रास्त प्रश्न. माझा खरा सल्ला इंटरनेटची वायर काढून ठेवा असाच होता, आणि ती मी त्याच दिवशी काढलीही. मेल आता काकूंच्या फोनवर. पण अण्णांच्या दुकानात चोर वायरीतून येत नाही, गिऱ्हाइकाच्या खिशातून येतो. दिवसाला दहा पेनड्राइव्ह लागतात त्या मशीनला. कुणी फोटो आणतं, कुणी मॅटर आणतं, कुणी कॉलेजच्या लॅबमध्ये फिरून आलेलं काहीही. विंडोजमध्ये एक भोक असं होतं की पेनड्राइव्हमधली फाइल उघडायचीही गरज नाही, फोल्डरमध्ये तिचं चिन्ह नुसतं दिसलं की पुरे. ते 2010 च्या ऑगस्टमध्ये बुजवलं. मार्च 2015 मध्ये लक्षात आलं की ठिगळ अपुरं आहे, दुसरं लावलं. 2017 मध्ये त्याच चिन्हांच्या कारभारात आणखी एक सापडलं, तिसरं लावलं. आणि अण्णांचं मशीन इतकी वर्षं या तिन्हींवाचून, बोळातल्या प्रत्येक पेनड्राइव्हला या बसा म्हणत होतं. त्याला काय काय झालेलं होतं, ते काढायला एक अख्खा दिवस गेला. ती यादी अण्णांना दाखवली नाही.

सगळं मार्गी लागायला तीन दिवस गेले. अधूनमधून पत्रिकाही जुळत होत्या, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आणि टक्केवारी आळीपाळीनं. शेवटी राहिलं 14 जानेवारी 2020 चं अपडेट. ते लावण्याआधी मी पडद्यावरचा फोटो नीट बघून घेतला, कारण या निरोपाच्या ठिगळानंच एक नवं भोक पाडलं होतं. मागचा फोटो 'स्ट्रेच' करून, म्हणजे ताणून बसवलेला असेल तर तो जाऊन पडदा काळा होई. अण्णांचा फोटो सिद्धेश्वराच्या देवळाचा, फोनवर काढलेला आणि चौकोनी मॉनिटरवर ताणून बसवलेला. देव काळोखात जायला नको म्हणून मी तो आधीच 'फिल'वर टाकला. अपडेट लागलं, मशीन सुरू झालं, देऊळ जागेवर.

अण्णा जवळ आले. चष्मा वर केला, खाली केला.

"तळं कुठं गेलं बे?"

'फिल' केलं की फोटोच्या दोन्ही बाजू कापल्या जातात. देवळाभोवतीचं पाणी निम्मं गेलं होतं. मी समजावलं की आता देवळाचा आकार बरोबर दिसतोय, इतकी वर्षं ते लांबुळकं दिसत होतं. अण्णांचं म्हणणं, लांबुळकं तर लांबुळकं, उन्हाळ्यात तळं आटलेलं बघवत नाही.

ताणलेला फोटो काळा होऊ नये म्हणून कंपनीनं नंतर आणखी एक ठिगळ दिलं होतं. खातं बंद झाल्यावर दिलं, आणि सगळ्यांना फुकट दिलं. ते माझ्याकडे होतं. मी ते लावलं, मशीननं रिस्टार्ट मागितला, दिला. 30 टक्के पूर्ण. दुकान बंद करायची वेळ झाली होती. अण्णांनी शटर अर्धं ओढलं, काकूंना फोन करून भाकरी झाकून ठेव म्हणाले, आणि स्टूल पुढे घेऊन पडद्यासमोर बसले.