लायब्ररीतला पडदा: या वेळी मूकपट, रोबसन आणि चर्चचा पियानो

आमच्या लायब्ररीतल्या ब्लॅक सिनेमाच्या मालिकेत अखेर मूकपट लागला. कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशोचा १९२५ चा ‘बॉडी अँड सोल’. ठरवताना थोडी कुरकुर झालीच. फेब्रुवारीची थंडी, कामाच्या दिवसाची संध्याकाळ, आणि आवाज नसलेला जुनापुराणा पिक्चर बघायला येणार कोण? पण मध्य न्यू जर्सीत राहायचं आणि गायक-नट, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पॉल रोबसनचा पहिला चित्रपट दाखवायचा नाही, हे मला पटेना. माणूस प्रिन्स्टनला जन्मलेला, न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठात शिकलेला, तिथे फुटबॉल गाजवलेला. घरचाच म्हणायचा.

आधी हक्कांचं सांगतो, कारण ते दर वेळी कुणीतरी विचारतंच. घरी आणलेली डीव्हीडी किंवा घरचं स्ट्रीमिंग लायब्ररीच्या हॉलमध्ये लावता येत नाही, जाहीर प्रदर्शनाचा परवाना वेगळा काढावा लागतो. १९२५ चा चित्रपट अमेरिकेत आता सार्वजनिक मालकीचा आहे, पण नव्या आवृत्त्यांना जोडलेलं संगीत तसं नाही. जुने चित्रपट डिस्कवर आणणाऱ्या क्रायटेरियन कंपनीच्या आवृत्तीला वायक्लिफ गॉर्डनचं जॅझ आहे, सुंदर आहे, पण त्याचे हक्क वेगळे. म्हणून आम्ही जुनी, जरा धुरकट प्रत आवाज बंद करून लावली आणि जवळच्या ब्लॅक चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या एका गृहस्थांना बोलावलं.

हा निर्णय सगळ्यात फळला. रोबसनची यात दुहेरी भूमिका आहे: तुरुंगातून पळून पाद्री बनलेला भामटा, आणि त्याचाच सज्जन भाऊ. भामटा चर्चमध्ये उभा राहिला की पियानोवर संथ भजनाची चाल सुरू व्हायची, आणि मागच्या रांगेतल्या दोन-तीन आज्या पडद्याला उत्तरं द्यायला लागायच्या. आपल्याकडे कीर्तनात बुवांनी ओळ सोडली की समोरून उचलतात ना, तसं. मग केबिनमधला तो प्रसंग आला. बाहेर पाऊस, आत त्याच्या जाळ्यात सापडलेली तरुणी इझाबेल एकटी, आणि पाद्रीचे नुसते बूट दिसतात, हळूहळू तिच्या खोलीकडे चाललेले. इथे त्यांनी पियानोवरून हात उचलून मांडीवर ठेवले. हॉलमध्ये फक्त प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर.

इझाबेलची आई मार्था जेन कपड्यांना इस्त्री करून पैसे साठवते आणि ते बायबलमध्ये ठेवते. तिच्या संवादांच्या पाट्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजी बोलीत लिहिलेल्या आहेत, नुसत्या डोळ्यांनी वाचताना आमच्यासारखे मराठी लोक अडखळतात. शेजारच्या बाईंनी त्या हळू आवाजात वाचायला सुरुवात केली आणि आमची अख्खी रांग मार्गी लागली. पुढच्या मूकपटाला पाट्या वाचायला आधीच कुणाला तरी सांगून ठेवणार आहे.

आता चर्चेबद्दल. आमच्या एक काकू पहिल्याच मिनिटाला म्हणाल्या, “अगं बाई, हा तर आपल्याकडचा भोंदूबुवा!” बरोबरच आहे, हशाही पिकला. पण ‘सगळीकडे सारखंच असतं’ या वळणावर गाडी गेली की चर्चा तिथेच संपते, हे मी आता बरेचदा पाहिलंय. नशीब, एका निवृत्त शिक्षिकेने ती मागे ओढली. तिचा मुद्दा साधा होता. त्या काळात गोऱ्यांच्या सिनेमात कृष्णवर्णीय माणूस एकतर खलनायक, नाहीतर विदूषक. अशा वेळी एक ब्लॅक दिग्दर्शक आपल्याच प्रेक्षकांसमोर आपल्याच पाद्र्याला भामटा दाखवतो, तेही चर्च हा त्या समाजाचा मोठा आधार असताना. हे धाडस होतं की घात? यावर जी जुंपली ती लायब्ररीचे दिवे घालवायची वेळ झाली तरी चालू.

शेवटावरूनही वाद झाला. सगळं आईचं स्वप्न होतं, असं निघतं. तरुण मंडळी वैतागली. तेव्हा मी सांगितलं की न्यूयॉर्कच्या सेन्सॉरने आधी परवाना नाकारला होता आणि मिशोला चित्रपट पुन्हा कापावा लागला. हा गोड शेवट त्यातूनच आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. मग सगळ्यांनी मिळून कापलेलं काय असेल ते रचायला घेतलं. माझ्या मते संध्याकाळची सगळ्यात रंगलेली पंधरा मिनिटं ती.

निघता निघता काकूंना रोबसनची मुंबईची गोष्ट सांगितली. अमेरिकेने १९५० मध्ये त्याच्या राजकीय मतांमुळे त्याचा पासपोर्ट काढून घेतला होता. १९५८ मध्ये त्याची साठी आली, तेव्हा भारतात ती साजरी करायला समिती झाली, नेहरूंचा पाठिंबा होता आणि अध्यक्ष होते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला. अमेरिकन सरकारला ते मुळीच रुचलं नव्हतं. त्याच वर्षी पासपोर्ट परत मिळाला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे. काकूंनी छागलांना लहानपणी लांबून पाहिलं होतं म्हणे, त्यामुळे पार्किंगमध्ये आणखी अर्धा तास.

पुढचा चार्ल्स बर्नेटचा ‘किलर ऑफ शीप’. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतला, सत्तरच्या दशकात विद्यार्थी असताना केलेला. गाण्यांचे हक्क सुटले नाहीत म्हणून चित्रपटगृहात नीट लागायला २००७ उजाडलं. इथे बंद आवाजाची पळवाट नाही, रीतसर परवाना हवा. वितरकाला लिहिलंय, आकडा कळला की इथे टाकतो. कुणी तो लायब्ररीत दाखवला असेल तर स्पीकर कोणते लावले तेवढं सांगा, आमचे गाण्यांत खरखरतात.