मालवा मिलच्या कोपऱ्यावरचा बार

इंदूरला गेलेली माणसं सराफा आणि छप्पन दुकान या खाऊगल्ल्या करून परततात. माझा आत्येभाऊ तिथेच लहानाचा मोठा झालेला. त्यानं मला थेट मालवा मिल या जुन्या कापडगिरणीच्या बाजूला, एका बारमध्ये नेलं. मिलचं आता नावच राहिलंय, रिक्षावाल्याला सांगायला.

बार तीन पिढ्यांचा, एकाच मराठी घराण्याचा. खाली बार, वर बिऱ्हाड. गल्ल्यावरच्या काकांचे आजोबा आधी मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. "भोंगा वाजला की दहा मिनिटांत सगळी बाकं भरायची, भिया," काका सांगत होते. समोर शेव, कांदा आणि वर भुरभुरलेलं जीरावन, म्हणजे इंदुरी मसाला. चकना म्हणजे एवढंच.

मला सगळ्यात भावली ती त्यांच्या आजीची गोष्ट. दहा तारखेला पगार व्हायचा. त्या दिवशी गल्ला सगळ्यात जड व्हायला हवा. पण त्या दिवशी शटर खाली, हा आजीचा हुकूम. शेजारणी तिच्याच ओट्यावर येऊन बसायच्या. कुणाच्या घरी पीठ संपलंय हे तिला ठाऊक असायचं. आजोबा चिडले, पण शटर उघडलं नाही. दारूच्या धंद्यात राहून हे करणं सोपं नव्हतं. या बाईबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

1990च्या दशकाच्या सुरुवातीला इंदूरचीच दुसरी कापडगिरणी, हुकुमचंद मिल, बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले, देण्यांसाठी कोर्टात गेले. सुमारे 224 कोटी रुपयांचा चेक निघाला तो 25 डिसेंबर 2023 रोजी. तोवर कितीतरी जण गेले होते. बारमधली उधारीची वही काकांच्या वडिलांनी मिल बंद झाली त्याच वर्षी मिटवून टाकली आणि स्वयंपाकघर वाढवलं. पिणारे कमी झाले तरी काकूंच्या हातचं मटण आणि पोळी खायला लोक येत राहिले. घर तरलं ते त्यावर.

1 एप्रिल 2023 पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, बंद झाले, तेव्हा इथली गर्दी एकदम वाढली. काकांनी खुर्च्या मात्र वाढवल्या नाहीत. बरं केलं, इथे अजून शेजारच्या टेबलावरचं बोलणं नीट ऐकू येतं.

आता हिशेब त्यांची मुलगी बघते. पगार कुणाचा कधी होतो याला आता धरबंध नाही, तरी दहा तारखेचा बंद तिनं चालूच ठेवलाय.

जायचंच तर अनंत चतुर्दशीला जा. बंद मिलचे कामगार वर्गणी काढून आजही झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, मिरवणुकीत काढतात, रात्रभर शहर रस्त्यावर असतं. बार त्या रात्री बंद असतो आणि हे कुटुंब दारात टेबल टाकून झांकीवाल्यांना चहा-पोहे देतं. तुम्हालाही देतील.