जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक

रविवारी पोहे आटोपले की आमच्या डायनिंग टेबलावर कुत्रीचं पोट उघडतं. म्हणजे सरावासाठीचं नकली पोट: प्लास्टिकचा डबा, त्यावर फोम आणि वर जुन्या रेक्झिनचा तुकडा. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून दोन-तीन इंटर्न पोरं येतात, आई शेजारी मटार सोलत बसते.

स्पे, म्हणजे कुत्रीची नसबंदी, करताना गर्भाशय हाताला लागतं, वायच्या आकाराचं, लांब शिंगांचं. खरी पंचाईत ओव्हरीची. ती किडनीच्या मागे आत दडलेली, एका लिगामेंटने, म्हणजे चिवट पट्ट्याने, शेवटच्या बरगडीकडे ओढून धरलेली, ते दिसत नाही, बोटाने चाचपून ताणून सोडवायचं आणि लगतच रक्तवाहिनी, जोर चुकला की तीच फाटते. विद्यार्थी असताना मी बांधलेली गाठ पेडिकलवरून, म्हणजे ओव्हरीच्या रक्तवाहिन्यांच्या देठावरून, घसरली होती. सरांनी चीर मोठी करून तो शोधला, कुत्री वाचली, पण मला पुढचे किती दिवस जेवण गेलं नाही.

म्हणून हा खटाटोप. रक्तवाहिनी म्हणजे लांबुडका फुगा, त्यात सलाइनच्या सेटमधून बीटाचं पाणी (कुंकवाला आईने साफ नाही म्हटलं), बाटली खिडकीच्या गजाला टांगलेली. गाठ सैल राहिली की टपटप सुरू, मग कोणाला काही सांगावं लागत नाही. ओव्हरीभोवती चरबी असते म्हणून तिथे डालडा चोपडतो, ग्लोव्हज बुळबुळीत झाले की पोरांची सगळी स्टाइल गळून पडते.

लिगामेंटने मात्र जीव खाल्ला. शीतलामाता बाजारातून नवीन इलॅस्टिक आणलं तर ते कितीही ताणा, तुटतच नाही, सोडलं की परत जागेवर. दोरा लावला तर खटकन तुटला, खऱ्या पोटात असं होत नाही, तिथे हळूहळू सैल होत जातं आणि बोटाला कळतं. दोन महिने यातच गेले. मग एकदा आई बाबांच्या जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक काढत होती, म्हणाली, अगं हे बघ, करकर करतंय. आतले रबराचे धागे वाळलेले, एकेक करून सुटत होते. मी हात लावला आणि अक्षरशः ओरडले, हेच ते!

आता नियम असा की सलग दहा वेळा गाठ गळली नाही तरच खऱ्या केसला असिस्ट करायचं. मागच्या रविवारी एका पोराची नवव्यांदा गळली, परत एकपासून. बाबा हल्ली पायजमे मोजून ठेवतात.