तुम्ही विचारलंत म्हणून : अजून मास्क कशाला?

लग्नात, बँकेत, बसमध्ये कुणी ना कुणी विचारतंच. 'अहो, कोरोना गेला की! किती घाबरायचं?'

आमच्या घरात मास्क कोरोनाच्या आधीपासून आहे. बायकोचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय. नवं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशा गोळ्या तिला कायमच्या. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणं हेच त्यांचं काम, त्यामुळे लशीचाही तिला इतरांइतका उपयोग होत नाही. २०२१मध्ये दोन डोस घेऊन लोक 'सुटलो' म्हणत होते, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बजावलं की लस घेतलीच नाही असं समजून वागा. पुढे २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. सोसायटीत पेढे वाटले. आम्हीही खाल्ले, गच्चीवर जाऊन.

माझा धाकटा भाऊ रिक्षा चालवतो. २०२०च्या टाळेबंदीत रिक्षा दारात उभी. कर्जाचे हप्ते पुढे ढकलता येत होते, पण व्याज काही थांबलं नव्हतं. परवानगी मिळाली त्याच दिवशी तो बाहेर पडला. नातेवाइकांनी त्याला बेफिकीर ठरवलं आणि मला भित्रा. मला दोन्ही पटत नाही. घरी बसलो तर माझा पगार खात्यात येत होता, त्याची चूल बंद पडत होती. आमच्या जागा बदलल्या असत्या तर मीही रिक्षाच काढली असती.

आणि खरं सांगू? दोन्ही बाजूंनी उघडी रिक्षा ही त्या काळातली तशी बरी जागा होती. आमचे एक काका दुधाच्या पिशव्या साबणाने धूत, वर्तमानपत्र उन्हात टाकून मगच वाचत. तेच काका साखरपुड्याला बंद एसी हॉलमध्ये, मास्क हनुवटीवर ओढून, तीन तास गप्पा मारत बसले. हा विषाणू पसरायचा मुख्यतः श्वासातून, बंद हवेतून. जागतिक आरोग्य संघटनेनेही ते स्पष्ट सांगायला फार वेळ लावला, तेव्हा काकांना किती बोलणार. तरी त्यांची पिशव्यांची मेहनत आठवली की हळहळ वाटते.

मग तुमच्याकडून माझी अपेक्षा काय? मास्क लावा, असं मी कुणाला म्हणत नाही. ताप-खोकला असेल तर तेवढं आधी सांगा. 'ॲलर्जी आहे हो नुसती' म्हणत सोफ्यावर बसणाऱ्या पाहुण्यांचा मात्र मला खरोखर राग येतो. भाऊ बघा, फोन करतो : 'वहिनी, घसा खवखवतोय, भाजी दारातच ठेवतो.' त्याने स्वतः मास्क कधीच सोडला, पण त्याच्याइतका भरवशाचा माणूस आम्हाला दुसरा नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुठला मास्क? एन-९५. कापडी फारसा कामाचा नाही. नाकावरची पट्टी नीट दाबून बसवा. दाढी असेल तर तो गालाला घट्ट बसत नाही, कडेने हवा शिरते. मी दाढी काढली ती त्यासाठी. बायकोला आवडत नव्हती, हे दुसरं कारण.