लोणारचा लेख: सहा आठवड्यांच्या कामाची नोंद

मंडळी, या वेळी मराठी विकिपीडियावरचा लोणार सरोवराचा लेख हाती घेतला. माझं माहेर मेहकरचं, त्यामुळे शाळेची सहल म्हणजे लोणार हे ठरलेलंच असायचं. विवराच्या काठावर उभं राहून खाली हिरव्या पाण्याकडे बघताना बाई सांगायच्या, "हे जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं विवर आहे." ते वाक्य माझ्या मनात तीस वर्षं जसंच्या तसं राहिलं होतं. विकीवरच्या लेखाची पहिली ओळ वाचली, तर तेच वाक्य तिथेही होतं. तिथूनच सुरुवात झाली.

पहिल्या आठवड्यात एकही अक्षर बदललं नाही. लेख कागदावर छापून घेतला आणि पेन्सिलने प्रत्येक विधानाच्या समासात एकच प्रश्न लिहीत गेले: कुठून आलं? हे काम कंटाळवाणं वाटतं, पण नव्याने येणाऱ्यांनी ते करून बघावंच. पडद्यावर वाचताना वाक्याखालून डोळा घसरतो, कागदावर तो थांबतो. लेखात संदर्भ नव्हते असं नाही. पण बरेचसे मंदिरांच्या भागात होते, आणि जिथे आकडे होते तिथे समास मोकळा होता. विवराचा व्यास एका परिच्छेदात सुमारे १.८ किलोमीटर आणि दुसऱ्यात १.२ किलोमीटर. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. पहिला विवराचा, काठापासून काठापर्यंतचा. दुसरा आतल्या पाण्याचा, आणि तोही पाऊसपाण्याप्रमाणे कमीजास्त होणारा. विवर आणि सरोवर हे शब्द लेखभर एकमेकांच्या जागी वापरल्यामुळे हा घोळ झाला होता. दोन्ही शब्द वेगळे केले आणि चार वाक्यं आपोआप सरळ झाली.

मग "तिसऱ्या क्रमांका"कडे वळले. लेखाच्या इतिहासाच्या पानावर, जिथे आधीचे सगळे बदल दिसतात, मागे मागे जात ते वाक्य पहिल्यांदा कधी आलं ते शोधलं. आलं तेव्हा त्याला संदर्भ नव्हता. पुढे कुणीतरी "संदर्भ हवा"चा साचा (पुरावा मागणारी खूण) लावला आणि त्यानंतर एका बातमीचा दुवा जोडला गेला. बातमीची तारीख पाहिली, तर ती आपल्या वाक्यानंतरची निघाली आणि शब्दरचना जवळपास तीच. म्हणजे आपलं वाक्य बाहेर गेलं आणि छापून येऊन पुरावा म्हणून घरी परत आलं. म्हणून दुवा जोडण्याआधी तारीख बघायची सवय लावून घ्या. संदर्भ आहे एवढ्यावर भागत नाही, तो आपल्या वाक्याच्या आधीचा असायला हवा.

आणि विधान मुळातच टिकणारं नव्हतं. मेक्सिकोतलं चिक्शुलूब विवर सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं आहे. जगात कशाला, मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात ढाला नावाची आघातरचना, म्हणजे अवकाशातला दगड आदळून झालेली रचना आहे, ती सुमारे ११ किलोमीटरची. राजस्थानातलं रामगढही लोणारपेक्षा मोठं. तिसरा क्रमांक कोणत्या मोजणीने येतो ते मला कुठल्याही बाजूने लावता आलं नाही. ते वाक्य काढलं आणि चर्चा पानावर सगळा हिशेब मांडला.

दुसरं विशेषण जास्त अवघड होतं: "बेसाल्ट खडकातील जगातील एकमेव विवर". बेसाल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक. हे विधान चांगल्या चांगल्या ठिकाणी छापलेलं आहे. पण ब्राझीलमध्ये पाराना खोऱ्यातल्या बेसाल्टवर व्हार्जेआव आणि व्हिस्टा आलेग्रे अशी दोन आघातविवरं आता मान्य झालेली आहेत. ती लोणारपेक्षा मोठी आहेत, फार जुनी आहेत आणि बरीच झिजलेली आहेत. लोणारचं खरं मोल इथेच उलगडतं. ते लहान आहे, साधं वाटीच्या आकाराचं आहे, तुलनेने तरुण आहे आणि त्याचा उचललेला काठ अजून जागेवर आहे. चंद्रावरची काळी मैदानं आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा आहे. तिथल्या विवरांचा अभ्यास करायचा, तर पृथ्वीवर हाताने दगड उचलून बघता येईल अशी जागा लागते, आणि ती जागा बुलढाणा जिल्ह्यात आहे. "एकमेव" काढून त्या जागी ही चार वाक्यं घातली. माझ्या मते ती त्या एका शब्दापेक्षा कितीतरी जड आहेत.

तिसऱ्या आठवड्यात उत्पत्तीचा भाग घेतला. लेखात "उल्कापातामुळे निर्माण झाले" एवढं एकच वाक्य होतं. ते कसं कळलं, हे कुठेच नव्हतं, आणि मला तर तीच खरी गोष्ट वाटते. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. त्यानंतर शतकभर बहुतेकांचा कल ज्वालामुखीकडे होता. भोवती सगळा लाव्हाचाच खडक म्हटल्यावर दुसरं कुणाला काय सुचणार? अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये अॅरिझोनातल्या विवराचा विचार करताना लोणारशी तुलना केली होती, आणि तेव्हा त्यांनी कौल दिला तो भूगर्भातल्या वाफेच्या स्फोटाला. आज दोन्ही विवरं आघाताची ठरली आहेत.

ज्वालामुखीच्या मताला मोठा अडथळा काळाचा होता. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हाचं विवर इतकं ताजं राहणं शक्यच नाही. पण निकाल लागला तो खडकाच्या कणांवरून. सरोवराच्या तळात बोअर घेऊन वर काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडलं, आणि ते संशोधन १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक असतात. प्रचंड धक्क्याचा दाब क्षणात बसला, तर ते न वितळताच काचेसारखे होतात. आकार स्फटिकाचा तसाच राहतो, आतली मांडणी मात्र मोडलेली असते. असा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही. हा परिच्छेद मी सात वेळा लिहिला. दहावीच्या वाचकाला कळावा आणि भूगर्भशास्त्राच्या माणसाला खटकू नये, हे दोन्ही साधायचं होतं.

इथेच शब्दांचाही प्रश्न आला. लेखात उल्का आणि अशनी हे शब्द मनाला येईल तसे वापरलेले होते. आकाशात जळताना दिसते ती उल्का, आणि जमिनीपर्यंत पोहोचतो तो दगड म्हणजे अशनी. मराठीत हा भेद इतका स्वच्छ आहे, तर तो पाळायलाच हवा. म्हणून आता लेखभर "अशनीचा आघात" असं आहे. फक्त "उल्कापात" हा शब्द शोधून येणारे बरेच असतात, तेव्हा पहिल्या परिच्छेदात तो एकदा ठेवला. त्याचप्रमाणे पाण्याच्या भागात pH अशी इंग्रजी अक्षरं होती, तिथे "सामू" केलं. शेतकऱ्यांच्या माती परीक्षणाच्या कागदावर हाच शब्द असतो. दहाच्या आसपासचा सामू म्हणजे काय हे आपल्याकडच्या वाचकाला त्या शब्दाने लगेच कळतं.

सगळ्यात जास्त वेळ वयाने घेतला. लेखात "५२,००० वर्षांपूर्वी" असं ठाम लिहिलं होतं. मूळ आकडा ५२,००० अधिक-उणे ६,००० असा आहे आणि तो तापदीप्ती पद्धतीने काढलेला आहे. दुसरीकडे २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने निघालेलं वय ५,७०,००० अधिक-उणे ४७,००० वर्षं. दहापटीहून मोठा फरक! मी आधी नवीन आकडा ठेवून जुना काढणार होते. आमच्या ओळखीतल्या भूगर्भशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना मसुदा दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "नवा म्हणून खरा, असं कुणी सांगितलं? दोन्ही घड्याळं कशी चालतात ते आधी लिही."

मग तेच केलं. आर्गॉनचं घड्याळ असं चालतं: खडकातल्या पोटॅशियमचा काही अंश अतिशय सावकाश आर्गॉन वायूत बदलत राहतो. खडक वितळला की साठलेला वायू निघून जातो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पण लोणारची काच, म्हणजे आघाताने वितळून थिजलेला खडक, बनली ती कोट्यवधी वर्षं जुन्या बेसाल्टपासून, आणि ती वितळलेली राहिली अगदी थोडा वेळ. जुना वायू थोडासा जरी आत अडकून राहिला, तरी वय फुगतं. संशोधकांनी हा अडकलेला वायू हिशेबात धरूनच आपला आकडा दिला आहे. तापदीप्तीचं घड्याळ वेगळं. कणांमध्ये भोवतालच्या किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते, कण तापवला की ती प्रकाशरूपाने बाहेर पडते, आणि त्यावरून शेवटचा ताप केव्हा बसला ते काढतात. इथे साठा हळूहळू गळत असेल, तर वय कमी दिसतं. एका घड्याळाची चूक वय वाढवणारी, दुसऱ्याची घटवणारी. हे लिहून झाल्यावर मला स्वतःलाच पहिल्यांदा तो वाद नीट समजला.

आता लेखात दोन्ही वयं पद्धत, वर्ष आणि अधिक-उणे यांसह आहेत. माहितीचौकटीतही, म्हणजे लेखाच्या सुरुवातीच्या ठळक माहितीच्या तक्त्यातही, दोन्ही दिली. चौकटीत एकच आकडा हवा, असं एका सदस्याचं म्हणणं होतं. मी ते मानलं नाही. चौकटीतला आकडा लोक उचलून नेतात, आणि एकच दिला तर वाद मिटला आहे असा समज पसरतो.

गुलाबी पाण्याचा भाग मात्र झटपट झाला. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी दिसू लागलं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं. पाणी आटून क्षार वाढले की हे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. लेखात मात्र त्या काळातल्या बातम्यांमधले सगळे अंदाज एकाखाली एक साचले होते. ते काढून फक्त तपासणीनंतरचं ठेवलं. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं, नांदूर मधमेश्वरनंतर राज्यातलं दुसरं, ही ओळ जोडली. नासाच्या उपग्रहाने मे आणि जून २०२० मध्ये टिपलेली हिरव्या आणि गुलाबी पाण्याची चित्रं शेजारी शेजारी लावली. नासाची बहुतेक चित्रं प्रताधिकारमुक्त असतात, फक्त प्रत्येक चित्राखालची टीप वाचून घ्या.

मंदिरांच्या भागात "असे मानले जाते" नऊ वेळा होतं. प्रत्येक ठिकाणी कोण मानतं ते लिहायचं, नाहीतर वाक्य काढायचं, असं ठरवलं. लवणासुराची कथा ठेवली आणि ती दैत्यसूदन मंदिराची आख्यायिका आहे असं स्पष्ट म्हटलं. ऐन-इ-अकबरीत या भागातल्या डोंगरांत काच आणि साबणासाठी लागणारे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. ती आधी लेखात नव्हतीच, आणि खाऱ्या सरोवराच्या इतिहासात तिच्याहून चांगली जागा कशाला मिळणार? निजलेल्या मोठ्या मारुतीची मूर्ती अशनीच्या दगडाची असल्याचं एक वाक्य होतं, आणि पुरावा काय, तर जवळ नेल्यावर होकायंत्राची सुई हलते. बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे सुई हलण्यावरून अशनी सिद्ध होत नाही. वाक्य "स्थानिकांची श्रद्धा आहे" असं करून ठेवलं, सुईचा भाग काढला. श्रद्धेला विज्ञानाचा आधार चिकटवला नाही, आणि श्रद्धा खोडलीही नाही.

पाचव्या आठवड्यात "तिसऱ्या क्रमांकाचे" परत आलं. जिल्ह्यातल्याच कुणीतरी माझं संपादन उलटवलं होतं आणि लिहिलं होतं, "ताई, आपल्या लोणारचं महत्त्व का कमी करता?" मला ते वाचून वाईट वाटलं, कारण भावना अगदी माझीच होती. उलटवाउलटवी केली नाही. चर्चा पानावर उत्तर दिलं: ढाला आणि चिक्शुलूबचे आकडे, ब्राझीलची विवरं आणि मंगळाचा परिच्छेद. चार दिवसांनी त्यांनी स्वतः ते वाक्य काढलं, शिवाय गोमुखाच्या धारेचा आणि कमळजा देवीच्या मंदिराचा स्वतः काढलेला फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकीच्या चित्रांच्या मुक्त साठ्यात, चढवला. तो फोटो आता लेखात आहे.

राहिलेलं काम असं. १९१०च्या बुलढाणा जिल्हा गॅझेटियरमधला लोणारचा मजकूर मी अजून लेखात घेतलेला नाही. कुणाकडे स्वच्छ प्रत असेल तर चर्चा पानावर सांगा. पक्ष्यांची यादी फारच लांबली आहे, तिचा वेगळा लेख करावा असं मला वाटतं, पण आधी तुमची मतं कळू द्या. आणि लेखात "मॅस्केलिनाइट" हा लाल दुवा आहे, म्हणजे त्यावर अजून लेखच नाही. त्याचा मसुदा माझ्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) सुरू केला आहे. हे द्रव्य पहिल्यांदा ओळखलं गेलं ते बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या अशनीत, आणि तो अशनी मंगळावरून आलेला आहे. म्हणजे शेरघाटीचाही लेख लागणार. तो कोण घेतं?