तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी किती उचलायची?

"भाऊ, लिफ्ट किती मारू?" म्हणजे स्प्रिंग बदलून बॉडी किती उंच करू? फॉर्च्युनर, एंडेव्हर, पजेरो स्पोर्ट किंवा स्कॉर्पिओ-एन दारात आली, सातपुड्याकडे किंवा स्वतःच्या शेतापर्यंत न्यायचं ठरलं, की पहिला प्रश्न हाच येतो. माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही : आत्ता एक इंचही नाही.

या चारही गाड्यांचा मागचा एक्सल सलग आहे आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा लोंबतो. स्प्रिंग बदलली की बॉडी वर जाते, गोळा होता तिथेच राहतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीने पाडलेल्या चाकोऱ्या आठवा. त्यांच्यामधला उंचवटा गोळ्याला घासतो आणि गाडी पोटावर बसते. 2 इंच लिफ्ट मारून तिथे काहीच मिळत नाही. गोळा वर जातो तो फक्त मोठ्या टायरने, तोही व्यास वाढेल त्याच्या निम्माच. तोरणमाळला जायचं म्हणून विचारत असाल तर घाटात डांबर आहे, गाडी आहे तशीच न्या.

खर्चाची सुरुवात टायरपासून करा. फॉर्च्युनर 4x4 ला 265/60 R18 येतो, व्यास साधारण 775 मिमी. टू-व्हील ड्राइव्हला 265/65 R17 येतो, त्याचा व्यास 776. म्हणजे 18 ऐवजी 17 इंची रिम घेतली तर स्पीडोमीटर चुकत नाही, माप कंपनीचंच राहतं आणि टायरची भिंत 159 वरून 172 मिमी होते. दगडावर हे 13 मिमी फार कामाला येतात. रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे एक चाक चढवून, हाताने फिरवून बघा आणि मगच पाच घ्या. हो, पाच. वेगळ्या मापाची स्टेपनी फोर-व्हील ड्राइव्हमध्ये गिअरवर ताण देते. 265/70 R17 ला गेलात तर गोळा फक्त 13 मिमी वर जातो, स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी 103 च्या पुढे असते आणि कमान घासायची शक्यता वाढते ती वेगळीच. नक्षी ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारी घ्या. चिखलासाठीचा मड-टेरेन डांबरावर गुरगुरतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो. घरच्या माणसांची गाडी नव्वद टक्के डांबरावरच फिरते.

आपल्याकडे टायरला खरी भीती धसकटांची. कपाशी किंवा तूर कापल्यावर जे तिरपे खुंट उरतात ते भिंतीत शिरतात, आणि भिंतीला पंक्चरची स्ट्रिप चालत नाही. बाभळीचा काटा परवडला, तो बहुधा जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यात घुसतो. काटा लगेच उपटू नका. स्ट्रिप, सोल्यूशन आणि कंप्रेसर हाताशी असेल तेव्हाच काढा.

हवेचं गणित फुकटचं आहे आणि तेच कुणी करत नाही. रस्त्यावर 33-35 पीएसआय असेल तर मुरमाड, गोट्यांच्या वाटेवर 25-26 ठेवा. कोरड्या नदीच्या वाळूत 16-18. पंधराच्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. डांबरावर परत आलात की आधी हवा भरा, नाहीतर भिंत तापून फुटते. कंप्रेसर थेट बॅटरीला लावायचा, कारण सिगारेट-लायटरच्या सॉकेटचा फ्यूज मोठ्या कंप्रेसरला पुरत नाही.

काळ्या जमिनीला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. तापीकाठची काळी भिजली की नक्षीत भरते, सुटत नाही, आणि दहा फुटांत चारही चाकं गुळगुळीत होतात. डिफ-लॉक (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) लावलात तर गाडी जास्त ताकदीने तिथेच खोल जाते. उघडीप मिळून वरची साय वाळेपर्यंत थांबा. दुसरा उपाय विकत मिळत नाही.

पाण्यासाठी लोक स्नॉर्कल, म्हणजे इंजिनची हवा छतापासून घेणारा पाइप, लावतात आणि ब्रीदर विसरतात. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सवर हवा जायला बारीक तोंडं असतात. तापलेला गोळा गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि झडप किंवा सील थकलेलं असेल तर पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. पुढचा-मागचा डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांच्या ब्रीदरला ऑइल सहन करणारी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच न्या, टोकाला छोटा फिल्टर लावा. नळी सायलेन्सरपासून लांब हवी आणि एक्सल खाली-वर होईल तेवढी ढिली. काम अर्ध्या दिवसाचं. फॉर्च्युनरची 700 मिमीची मर्यादा साचलेल्या पाण्यासाठी आहे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर दोन फुटांतही एवढी मोठी गाडी तरंगायला लागते. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

खालची गार्ड प्लेट 4 मिमी लोखंडाची पुरते. चौरस मीटरला 31 किलो भरते, म्हणून फक्त रेडिएटरपासून ट्रान्सफर केसपर्यंत. ऑइल सोडायला भोक आणि वारा जायला फटी ठेवून घ्या. प्लेटवर वाळलेलं गवत आणि कपाशीचा कचरा अडकतो, आणि वर सायलेन्सरची तापलेली पाइप असते. आग लागते ती अशी. शेतातून आल्यावर वाकून बघायची सवयच लावा. रेडिएटरमधली माती आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने जाळीची पानं वाकतात, आणि मे महिन्यात 45 अंशांत एसी आणि इंजिन दोन्ही तापतात.

गाडी रुतली की ट्रॅक्टर येतो, आणि येताना साखळी आणतो. साखळी बंपरला किंवा टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) अडकवू देऊ नका. तुटलेला टो-बॉल काच फोडून आत येतो. चासीला बोल्ट केलेले रिकव्हरी पॉइंट पुढे-मागे लावून घ्या. त्यात पावणेपाच टनांचा शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) आणि भरलेल्या गाडीच्या किमान तिप्पट, म्हणजे 8 टनांपुढचा दोर. ट्रॅक्टरवाल्याला झटका न देता संथ ओढायला सांगा. जॅकखाली फूट-सव्वा फूट चौकोनी, 18 मिमीची प्लायची फळी ठेवा, नाहीतर गाडी वर न येता जॅकच खाली जातो.

विंच (गाडी ओढायचं मोटरचं रहाट) आणि लोखंडी बंपर सोडून द्या. अशा बंपरवर, म्हणजे क्रॅश गार्डवर, डिसेंबर 2017 पासून केंद्राची बंदी आहे; पुढचा लोखंडी सांगाडा एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवतो. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या आधारे सांगितलंय. लिफ्टही त्यातच येते, तेव्हा विम्याचा दावा अडू शकतो. यावल किंवा अनेर धरण अभयारण्यातल्या वाटांना वनखात्याची परवानगी लागते ती वेगळी.

एवढ्यावरही लिफ्ट हवीच असेल, तर आधी मोजा. हबच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर रिकाम्या गाडीचं आणि सातजण, सामान भरलेल्या गाडीचं. मागे गाडी फार बसत असेल तर गरज मागच्या कडक स्प्रिंगची आहे, उंचीची नाही. पुढे 40 मिमीच्या वर जाऊ नका. त्यापुढे चाकांना ताकद नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून रबरी बूट फाटतो आणि अलाइनमेंट जुन्या आर्मवर बसत नाही. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लोंबवून तपासा. पॅनहार्ड रॉड (एक्सलला चासीशी आडवा धरणारा दांडा) असेल तर एक्सल एका बाजूला सरकतो, तेही मोजा. हेडलाइट खाली करून घ्या. आणि मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा : बुशचे (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांचे) बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळायचे. रॅम्पवर चाकं लोंबत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.